ओलें लांकूड आणि उधई

पाचोऱ्याच्या जुन्या वस्तींतलें धाब्याचें एखादें घर उतरवावयास काढलें म्हणजे सुतार प्रथम खांबावर बोटाच्या पेरानें ठोकून पाहतो. वरच्या बाजूस सागाचा आवाज भरींव येतो. हात खालीं उतरूं लागला कीं आवाज बदलूं लागतो, आणि जमिनीपासून हात-दीड हातावर तो रिकाम्या मडक्यासारखा वाजतो. बाहेरून पाहावें तों तेलपाणी, रंग, कोरीव काम सर्व जागच्या जागीं असतें. आंत मात्र लांकडाच्या जागीं मातीचे पापुद्रे भरलेले असतात. असलें घर उभें राहिलेलें असतें तें खांबाच्या बळावर नव्हे, आजूबाजूच्या भिंतींनीं त्याला सांभाळून घेतलें म्हणून. हें काम करणाऱ्या प्राण्याला ग्रंथांत वाळवी म्हणतात. खानदेशांत तिचें नांव उधई.

उधईशीं माणसानें केलेल्या झगड्याचा इतिहास म्हटला कीं नाना प्रकारच्या विषांची यादी डोळ्यांपुढें उभी राहते, आणि ती यादी लहान नाहीं. परंतु त्या इतिहासाकडे जरा निरखून पाहिलें तर विषाहून जुना आणि विषाहून अवघड असा एक प्रश्न त्यांत सारखा डोकावत राहतो: लांकडांत पाणी किती आहे, आणि तें आलें कोठून? आगगाडीच्या रुळाखालचा स्लीपर असो, देहरादूनच्या प्रयोगशाळेंतलें औषध असो, कीं अमेरिकेंतल्या घराची हिरवट फळी असो, यश आणि अपयश हीं दोन्ही या एका प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून राहिलेलीं दिसतात.

उधईला 'पांढरी मुंगी' म्हणण्याचा प्रघात इंग्रजांनीं पाडला. पण ती मुंगी नव्हे. मुंगी, मधमाशी आणि गांधीलमाशी यांचें कूळ एक. उधई झुरळाच्या कुळांतली, हें प्राणिशास्त्रानें आतां निश्चित केलें आहे. तिची कातडी इतकी पातळ असते कीं कोरड्या हवेंत ती फार वेळ जगूं शकत नाहीं. भिंतीवरून वर चढणाऱ्या मातीच्या बारीक नळ्या सर्वांनीं पाहिलेल्या आहेत. त्या नळ्यांनीं मुंग्यांपासून आणि पक्ष्यांपासून तिचें रक्षण होतें हें खरें. पण त्यांचें मुख्य काम आंतली ओल राखण्याचें. वारूळ बांधणारी जी जात आपल्याकडे विशेष आढळते, ती खाल्लेलें लांकूड वारुळांत नेऊन त्यावर एका बुरशीची अक्षरशः बाग करते आणि त्या बागेवर सारें कुटुंब पोसतें. बाग म्हटली कीं पाणी आलेंच. वराहमिहिरानें 'बृहत्संहिते'च्या दकार्गल नांवाच्या अध्यायांत वारूळ हें भूमिगत जलाचें चिन्ह म्हणून सांगितलें आहे. त्याचीं खोलीचीं मापें आजचा भूगर्भवेत्ता जशीच्या तशीं मानणार नाहीं. परंतु वारुळाखालीं ओल असते हें निरीक्षण पक्कें आहे. लांकूड हें उधईचें अन्न, पण ओल हा तिचा प्राण.

खानदेशांतलें जुनें घर या प्राण्याला आयतेंच सोयीचें पडलें. पाऊस बेताचा आणि ऊन कडक, म्हणून तेथें धाब्याचें घर रूढ झालें. सागाचे किंवा अंजनाचे खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर काटक्यांचा आणि पाल्याचा थर, व सर्वांवर मातीचें जाड धाबें. त्याच्याहि वर पांढऱ्या खाऱ्या मातीचा लेप, म्हणजे पावसाचें पाणी आंत उतरूं नये. वैशाखाच्या दुपारीं या घरासारखें गार घर दुसरें नाहीं. परंतु उधईच्या दृष्टीनें पाहिलें तर लांकडाच्या खालीं माती, बाजूला माती आणि डोक्यावरहि मातीच, असा हा प्रकार आहे. बाजूचे खांब तर कच्च्या विटांच्या भिंतींत निम्मे गाडलेले. त्यांच्यावर उधईची नळी चढली तरी ती घरच्या माणसाला दिसावयाची नाहीं. धाब्याला एखाद्या पावसाळ्यांत भेग पडावी, एका कोपऱ्यांत पाणी मुरावें, आणि त्या ओलीच्या आधारानें जमिनीशीं संबंध नसलेल्या कड्यांवरहि उधईनें ठाणें द्यावें, हा क्रम नेहमींचा होता. शेतकऱ्याच्या घरांत सर्वांत मोलाची वस्तु म्हणजे हें लांकूड. भिंती घरच्या मातीच्या, मजुरी भाऊबंदांची. रोकड मोजावी लागे ती सागाला. तेव्हां उधईनें खाल्ली ती नुसती तुळई नव्हे, एका पिढीची शिल्लक खाल्ली.

आणि लांकडावरच ती थांबली असती तरी बरें होतें. कागद हेंहि काष्ठद्रव्याचेंच रूप. मोडी दप्तरें रुमालांत बांधून भिंतींतल्या कोनाड्यांत किंवा फडताळांत ठेवण्याची चाल होती, आणि तीं भिंत मातीची. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचा अंत १९२६ सालच्या अखेरच्या दिवशीं धुळ्यास झाला, आणि पुढच्याच वर्षीं त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ त्या गांवीं स्थापन झालें. त्या मंडळांत आणि महाराष्ट्रांतल्या इतर संग्रहांत जीं दप्तरें आलीं, तीं उधईच्या तावडींतून सुटलेलीं. जीं सुटलीं नाहींत त्यांची मोजदाद कोण करणार? देशमुख-देशपांड्यांच्या वाड्यांतून कागद मागावयास गेलेल्या संशोधकांना 'वाळवीनें खाल्ले' हें उत्तर इतक्या वेळां मिळालें आहे कीं मराठ्यांच्या इतिहासांतील कित्येक रिकाम्या जागांची जबाबदारी या मुक्या प्राण्याकडे जाते.

जुने कारागीर या शत्रूपुढें अगदींच निःशस्त्र नव्हते. त्यांच्या उपायांत कांहीं फार शहाणपणाचे होते, कांहीं अर्धेच खरे होते. सर्वांत शहाणपणाचा उपाय तळखड्याचा. खांब जमिनींत न पुरतां घडीव दगडावर उभा करावयाचा; दगड जमिनीच्या चार-सहा बोटें वर राहिला कीं ओल वर चढत नाहीं, आणि उधई चढलीच तर तिची नळी दगडावर उघडी पडते व केरसुणीच्या एका फटकाऱ्यानें मोडते. दुसरा उपाय लांकडाच्या निवडीचा. सागाच्या गाभ्यांत टेक्टोक्विनोन नांवाचें एक द्रव्य असतें; तें उधईला मानवत नाहीं. परंतु सालीलगतच्या पांढुरक्या भागांत तें संरक्षण नसतें, आणि स्वस्तांत मिळालेल्या कोवळ्या सागांत पांढुरका भागच अधिक. जुना सुतार तो भाग तासून टाकी. घरमालक मात्र तेवढ्यानें लांकूड बारीक होतें म्हणून कुरकुर करी. सातपुड्यांतला अंजन तर इतका कठीण कीं वाकसाची धार त्यावर बोथट व्हावी. जेथें तो मिळे तेथें उंबरठ्याला आणि खांबाला त्यालाच मान.

लांकूड आणि बांबू तोडल्यावर महिना-दोन महिने डोहांत बुडवून ठेवण्याची चालहि जुनी. या मुरवणीनें झाडांतली साखर आणि पिठूळ अंश धुऊन जातो, त्यामुळें भुसा पाडणाऱ्या किड्यापासून बांबूचा बराच बचाव होतो. उधईपासून होत नाहीं, कारण उधईला साखर नको असते, लांकडाचा तंतूच हवा असतो. बांबू अंधाऱ्या पंधरवड्यांत तोडावा या समजुतीबद्दल फार तर इतकें म्हणतां येईल कीं चंद्रापेक्षां ऋतूचा परिणाम मोठा; थंडीच्या दिवसांत तोडलेल्या बांबूंत पिठूळ अंश कमी असतो. धाब्याखालीं कडुनिंबाचा पाला घालणें, लांकडाच्या बुडाला बिब्ब्याचें तेल चोळणें, पायांत हिंग नि मोरचूद टाकणें हे उपाय कांहीं काळ गुण देत आणि मग ओसरत. पाला कुजे, तेल विटे, मोरचूद पाण्याबरोबर निघून जाई. हें शेवटचें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे, कारण पुढें मोठमोठ्या रसायनशास्त्रज्ञांनाहि नेमकें येथेंच अडखळावें लागलें.

कोरड्या जागेंत साग किती टिकतो याचा दाखला पाहावयाचा तर लेण्यांकडे जावें. पाचोऱ्याच्या दक्षिणेकडे अजिंठ्याची डोंगररांग आहे. तेथल्या दहाव्या लेण्याच्या छताला एके काळीं लांकडी फासळ्या होत्या. त्या आतां नाहींत, खुणा मात्र उरल्या आहेत. परंतु पुण्याच्या वाटेवरील कार्ल्याच्या चैत्यांत अशाच लांकडी फासळ्या आणि स्तूपावरचें लांकडी छत्र सुमारें दोन हजार वर्षें जागच्या जागीं आहेत. त्यांना कोणीं औषध पाजलें नव्हतें. चहूंकडून कातळ, मातीचा स्पर्श नाहीं, पावसाचा मारा नाहीं, एवढेंच त्यांचें औषध.

ही सारी शहाणीव उलटी करावयास लावणारी एक गोष्ट एकोणिसाव्या शतकांत खानदेशांत आली, ती आगगाडी. १८५३ सालीं मुंबईहून ठाण्यास पहिली गाडी गेली, आणि १८६३ च्या सुमारास ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मार्ग चाळीसगांव, पाचोरा, जळगांव यांवरून भुसावळपर्यंत पोचला. सुताराचा नियम असा कीं लांकूड मातीपासून दूर ठेवावें. रेल्वेचा नियम असा कीं लांकूड जमिनीवर आडवें निजवावें, त्याभोंवतीं खडी भरावी आणि ऊन, पाऊस, ओल सर्व त्याच्यावर सोडून द्यावें. मैलाला अठराशें-दोन हजार स्लीपर लागत. इतका साग आणावयाचा कोठून? आणला तरी पांढुरक्या भागासकट कापलेला स्लीपर टिकावयाचा किती?

विलायतेंत या प्रश्नाला उत्तर सांपडलेलें होतें. जॉन बेथेल या इंग्रज गृहस्थानें १८३८ सालीं एका कृतीचें पेटंट घेतलें होतें. लांकूड लोखंडी टांकींत कोंडून आधीं त्यांतली हवा पंपानें ओढून काढावयाची आणि मग दगडी कोळशापासून निघणारें डांबरी तेल, म्हणजे क्रिओसोट, दाबानें आंत घुसवावयाचें. त्याच कृतीनें तयार केलेले बाल्टिककडच्या देवदार जातीच्या लांकडाचे स्लीपर जहाजें भरभरून हिंदुस्थानांत आले. ते इंग्लंडच्या दमट हवेसाठीं बनविलेले होते. येथल्या उन्हाळ्यांत लांकूड वाळून त्याला उभ्या भेगा पडत. तेल बाहेरच्या दोन-चार बोटांतच असे. भेगेच्या वाटेनें पाणी आणि पाण्यामागून उधई आंतल्या कोऱ्या गाभ्यांत शिरत. याच कारणानें हिंदी रेल्वेंत बिडाच्या वाटीसारख्या लोखंडी स्लीपरांचा प्रसार झाला, आणि लांकडाच्या पुरवठ्याची काळजी हें १८६४ सालीं सरकारी जंगलखातें स्थापन होण्याच्या प्रमुख कारणांपैकीं एक होतें. सातपुड्याच्या जंगलावर सरकारचा हक्क घट्ट झाला त्याच्या मुळाशीं इतर कारणांबरोबर रुळाखालचें हें लांकूडहि होतें. ज्या भिल्लांच्या कुऱ्हाडीवर त्यामुळें बंधनें आलीं त्यांना उधईशीं या प्रकरणाचा संबंध काय हें कोणीं सांगितलें नसेल.

त्याच सुमारास फ्रान्समध्यें बूशेरी नांवाच्या वैद्यानें अगदीं निराळी वाट धरली होती. त्याला कोरडें लांकूड नकोच होतें. नुकत्याच तोडलेल्या ओल्या खोडाच्या बुडाशीं टोपी बसवून उंचावरच्या पिंपांतून मोरचुदाचें पाणी तो त्यांत सोडी. झाडाचा रस पुढच्या टोंकानें बाहेर पडे आणि मोरचूद त्याची जागा घेई. झाड ज्या वाटांनीं पाणी पीत असे त्याच वाटांनीं त्याला औषध पाजावयाचें, ही कल्पना मोठी सुरेख. तारायंत्राच्या हजारों खांबांना युरोपांत असें औषध दिलें गेलें, आणि ओल्या बांबूसाठीं तिची सुधारलेली कृति अजूनहि आपल्या देशांत वापरतात. दोष एकच, आणि तो पाचोऱ्याच्या शेतकऱ्यालाहि ठाऊक असलेला: मोरचूद पाण्यांत विरघळतो. ज्या पाण्याबरोबर आंत गेला त्याच पाण्याबरोबर पावसाळ्यांत बाहेर येतो. सोमलाचेंहि तसेंच. सोमल उधईला मारतो, मोरचूद बुरशीला मारतो. पण दोघेहि भाडेकरू, घरांत कायमचे राहात नाहींत.

त्यांना कायमचें वसविण्याचें काम देहरादूनच्या वनसंशोधन संस्थेंत झालें. ही संस्था १९०६ सालीं स्थापन झाली. तेथें सोंटी कामेसम हे हिंदी शास्त्रज्ञ लांकडाच्या संरक्षणावर काम करीत होते. त्यांनीं १९३३ सालीं जें मिश्रण सिद्ध केलें त्याला सोमल आणि तांबें यांच्या रासायनिक चिन्हांवरून 'आस्कू' असें नांव मिळालें. पुढें भारतीय मानकांत त्याचें जें प्रमाण रूढ झालें तें सांगावयास सोपें आहे: सोमलाचा पेंटॉक्साइड एक भाग, मोरचूद तीन भाग, आणि सोडियम किंवा पोटॅशियम डायक्रोमेट चार भाग. यांतली खुबी सोमलांत नाहीं, मोरचुदांतहि नाहीं. ती क्रोमियमच्या क्षारांत आहे. मिश्रण टांकींत असतांना पूर्णपणें पाण्यांत विरघळलेलें असतें. तें लांकडांत शिरलें कीं लांकडांतल्याच द्रव्यांशीं क्रोमियमची क्रिया होते, त्याचें रूप पालटतें, आणि त्याबरोबर सोमल व तांबें हीं दोन्ही न विरघळणाऱ्या क्षारांच्या रूपानें तंतूंना चिकटून बसतात. पिवळट-नारिंगी दिसणारें लांकूड हळूहळू हिरवट होतें. पाण्यानें आंत गेलेलें औषध पुन्हां पाण्याला वश होत नाहीं! बूशेरीला जें साधलें नव्हतें तें साधलें.

या शोधाचा प्रवास मोठा होता. १९३८ सालीं कामेसम यांना अमेरिकेंत पेटंट मिळालें. आधीं तेथल्या टेलिफोनच्या खांबांना, आणि दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दशकांत घरांच्या ओट्यांना, कुंपणांना, पायऱ्यांना, मुलांच्या खेळण्याच्या झोपाळ्यांना तें औषध दिलें जाऊं लागलें. अमेरिकेंतल्या वखारींत मिळणारी हिरवट फळी ही त्या देशाची रोजची वस्तु झाली, आणि तिचें मूळ देहरादूनला आहे हें तेथल्या घरमालकाला तर नाहींच, आपल्याकडच्यांनाहि क्वचितच ठाऊक असतें. हिंदुस्थानांतल्या शोधांच्या गौरवांत कामेसमांचें नांव सहसा येत नाहीं. लांकडाच्या पोटांत दडून राहणें हेंच ज्याचें काम, त्या शोधाला प्रसिद्धि मिळावी तरी कशी?

परंतु या औषधाबरोबर एक नवी अडचण आली, आणि ती पुन्हां पाण्याचीच. दाबाच्या टांकींत औषध घुसवावयाचें तर लांकूड आधीं चांगलें वाळलेलें पाहिजे. ज्या पोकळींत पाणी भरलेलें आहे तेथें औषध शिरणार नाहीं. मग निर्वात करून चौरस सेंटिमीटरला साडेतीन ते साडेबारा किलोग्रॅमपर्यंतच्या दाबानें पाण्याचें मिश्रण आंत कोंबावयाचें. बाहेर येतें तें लांकूड पुन्हां चिंब असतें, कित्येकदां हिरव्या झाडाहूनहि जड. म्हणजे या लांकडाला दोनदां वाळवावें लागतें, आणि दुसऱ्या वाळवणीचा खर्च कोणालाच सोसावयाचा नसतो. व्यापाऱ्याला जागा अडते, गुत्तेदाराला घाई असते. ओली फळी तशीच कामावर जाते.

ओल्या फळीवर काम करणाऱ्या सुताराची परीक्षा निराळी. आज जोड घट्ट बसला म्हणून समाधान मानावें, तर महिन्यानें त्यांतून उजेड दिसूं लागतो. फळी रुंदींत आकसते, लांबींत जवळजवळ नाहीं. म्हणून ओट्याच्या फळ्या ओल्या असतांना एकमेकींना खेटून ठोकल्या तरी चालतात, वाळल्यावर फटी आपोआप पडतात. वाळलेल्या फळ्यांना मात्र फट आधींच ठेवावी लागते. एकाच बाजूनें ऊन लागलें तर फळी पन्हळीसारखी वळते. खिळा ओल्या लांकडांत सहज जातो आणि वाळल्यावर सैल पडतो. त्यांतून मोरचुदाचा अंश लोखंडाला खातो, म्हणून जस्ताचा जाड मुलामा दिलेले खिळे आणि मळसूत्रें वापरावीं लागतात. रंग लावला तर आंतलें पाणी त्याचे फोड आणतें. खानदेशांत तर उन्हाळ्याचा पारा ४५ अंशांच्या घरांत जातो. अशा हवेंत औषधाच्या टांकींतून आलेलें लांकूड उघड्यावर टाकलें म्हणजे बाल्टिकच्या स्लीपरांची जुनी कहाणी पुन्हां घडते. भेग औषधाच्या थराहून खोल गेली कीं कोरा गाभा उघडा. उपाय जुनाच आहे, वखारींतल्या माणसाला सांगावा न लागणारा: सावलींत, जमिनीपासून वर, दर थरामध्यें सारख्या जाडीच्या पट्ट्या घालून, वारा खेळेल अशी थप्पी लावावी, वर वजन ठेवावें आणि वाट पाहावी. या वाट पाहण्यांत नुसतें पाणीच जात नाहीं. औषधाला तंतूंशीं चिकटण्यास उष्ण हवेंत कांहीं दिवस आणि थंडींत कांहीं आठवडे लागतात. त्याआधीं त्यावर पाऊस पडला तर सोमल मातींत उतरतो, आणि हातांनीं हाताळलें तर तो हातांना लागतो. ज्या सुतारानें हातमोजे न घालतां असल्या फळ्या वाहिल्या, त्यानें दुसऱ्याच्या घराच्या आयुष्यासाठीं स्वतःचें कांहीं आयुष्य दिलें असण्याचा संभव आहे.

ओल हा नेहमीं दोषच असतो असें मात्र नाहीं. टांकणखार आणि बोरिक अॅसिड यांचें मिश्रण ओल्या लांकडाच्या पृष्ठभागावर दिलें असतां आंतल्या पाण्याच्या आधारानेंच तें हळूहळू गाभ्यापर्यंत पसरतें. येथें लांकूड कोरडें असेल तरच काम अडतें. माणसाला तें सोमलाच्या मानानें पुष्कळच सौम्य. पण तें चिकटून बसत नाहीं, म्हणून पावसांत उभ्या राहणाऱ्या खांबाला उपयोगाचें नाहीं. छपराखालच्या कड्यांना आणि चौकटींना उत्तम. धाब्याच्या घरांना तें शंभर वर्षांपूर्वीं मिळावयास हवें होतें.

सोमलाविषयींची शंका शेवटीं खरी ठरली. अमेरिकेंत २००३ सालच्या अखेरीपासून राहत्या घरांच्या बहुतेक कामांसाठीं हें औषध देणें उत्पादकांनीं थांबविलें. युरोपांतहि बंधनें आलीं. त्याच्या जागीं तांब्याचींच पण सोमलाविरहित मिश्रणें आलीं, आणि त्यांत तांबें अधिक असल्यामुळें लोखंडी खिळ्यांचा प्रश्न पूर्वीपेक्षां बिकट झाला. इमारतीच्या पायाची कथाहि याच वळणाची. महायुद्धानंतर आल्ड्रिन, क्लोर्डेन, हेप्टाक्लोर हीं विषें पायाच्या मातींत ओतण्याची पद्धति जगभर पसरली. भारतांतहि तिचें मानक झालें: पायाचा चर, जोत्याखालचा भराव, भिंतीलगतची माती या सर्वांवर बांधकाम चालू असतांनाच फवारा. एकदां ओतलें कीं वर्षानुवर्षें पाहावयास नको, हा त्या विषांचा गुण. आणि वर्षानुवर्षें तीं मातींत, पाण्यांत व प्राण्यांच्या चरबींत राहतात, हाच त्यांचा अपराध. १९९० नंतरच्या दशकांत त्यांच्यावर भारतांत बंदी आली. नंतरचीं विषें लवकर निकामी होतात, म्हणून पुन्हां पुन्हां द्यावीं लागतात. त्यामुळें जोतें उंच घेणें, भिंतीच्या बुडाशीं न तुटणारा काँक्रिटचा थर देणें, खांबाखालीं दगड किंवा कडा वळवलेला पत्रा घालणें हे उपाय इंजिनियरांच्या पुस्तकांत पुन्हां पहिल्या पानावर आले. तळखड्याचेंच हें दुसरें नांव.

तरीहि पायांतल्या विषानें सगळें भागत नाहीं, कारण उधई प्रत्येक वेळीं जमिनींतूनच येते असें नाहीं. नेपोलियन ज्या बेटावर कैदेंत मेला त्या सेंट हेलेनावर १८४० च्या सुमारास गुलामांची वाहतूक करणारें एक जहाज पकडून आणलें आणि मोडलें. त्याचें लांकूड जेम्सटाउन गांवांत रचून ठेवलें होतें. त्या लांकडांतून उधई उतरली, आणि पुढच्या वीस-तीस वर्षांत गांवांतल्या तुळया, दारें, पुस्तकें, सर्व तिनें पोखरलीं. गांवाचा मोठा भाग नव्यानें बांधावा लागला. बाहेरून आलेलें स्वस्त लांकूड न तपासतां घरांत घेण्याची किंमत एका बेटानें अशी मोजली.

पाचोऱ्याहून शेंदुर्णी, पहूर या गांवांवरून जामनेरला जाणारी अडीच फुटी गाडी पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस सुरू झाली आणि २०२० पर्यंत धांवत होती. मोठ्या मार्गावर तर लांकडी स्लीपर जाऊन काँक्रिटचे आले त्याला पुष्कळ वर्षें झालीं. रुळाखालून निघालेलें लांकूड, वाड्यांतून निघालेलें लांकूड, खोक्यांचें आणि पॅकिंगचें परदेशी लांकूड, सर्व शेवटीं एकाच भंगारवाल्याच्या आवारांत येऊन पडतें. क्रिओसोट मुरलेला तुकडा वासावरून ओळखूं येतो. सोमलाचा येत नाहीं. हिरवट रंग दोन-तीन उन्हाळ्यांत उडून तें लांकूड इतर कोणत्याहि जुन्या लांकडासारखें राखाडी दिसूं लागतें. असला तुकडा चुलींत गेला तर सोमलाचा कांहीं भाग धुराबरोबर घरांत पसरतो आणि बाकीचा राखेंत उरतो. आणि खानदेशांतल्या खेड्यांत राखेनें भांडीं घासण्याची व सांठवणीच्या धान्याला राख चोळण्याची चाल अजून पुरती मोडलेली नाहीं. म्हणून ज्या सुतारांना हें माहीत आहे ते अशा फळीचे कापलेले तुकडे आणि भुसा गिऱ्हाइकाच्या अंगणांत सोडून जात नाहींत, गोळा करून बाजूला ठेवतात. आणि करवतीनें उघड्या पडलेल्या टोंकांवर कुंचल्यानें पुन्हां औषधाचा हात देतात, कारण कापलेल्या टोंकापाशींच पाणी सर्वांत आधीं शिरतें.